लाल गाडी आणि हिंगाची डबी

आमच्या पोर्चमध्ये एकच गाडी मावायची. दुसरी आणली की दोघींपैकी एकीला रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली दिवस काढावा लागायचा. नागपूरच्या मे महिन्यात त्या कडुनिंबाची सावली सकाळी दहालाच घाबरून खोडात शिरते, ती संध्याकाळी साडेसहाशिवाय बाहेर येत नाही. तेवढ्या वेळात खाली उभ्या असलेल्या गाडीचं पार भरीत होतं. यात अतिशयोक्ती नाही. मी अतिशयोक्ती करतच नाही. आमच्या लेआऊटमध्ये कोणालाही विचारा. लोक हसतील, पण तो त्यांचा स्वभाव आहे.

पहिली गाडी माझी. लाल, विलायती, दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. माझे वडील खाणीच्या कचेरीत कारकून होते. खाणीचा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि आईने वडिलांना कपड्यांचं कपाट आणायला धाडलं. संध्याकाळी वडील ही गाडी घेऊन दारात उभे. आईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिच्यात लुगडी कुठी ठेवू?"

घरात माणसं नऊ, गाडीत सीटा दोन. वडिलांनी युक्ती काढली. दोघं सीटांवर, तिघं मागे जिथे साहेबाचा कुत्रा बसायचा त्या खोबणीत, दोघं दारांवर पाय आत सोडून, सगळ्यात धाकटा बॉनेटवर, आणि आई घरी. बॉनेटवरचा धाकटा म्हणजे मी. एकदा सक्करदऱ्याच्या वळणावर वडिलांनी ब्रेक मारला आणि मी हवेतून जाऊन एका पानठेल्याच्या बाकावर अलगद बसलो. पानवाल्याने वर न बघता विचारलं, "साधं का मसाला?" तेव्हापासून या गाडीवर माझा जीव आहे.

दुसरी गाडी बायकोची. तिने तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात तशी ती ड्रायव्हिंग स्कूलला गेली, आणि महिन्याभरात एक पांढरी, छोटी, गिअर न टाकता चालणारी गाडी घेऊन आली. मी त्या गाडीला हिंगाची डबी म्हणतो. ती माझ्या गाडीला 'तुमचा कुलर' म्हणते. त्याचं कारण पुढे येईलच, लपवण्यासारखं काही नाही.

दोघींची तुलना करायची तर लाल गाडी चालू करणं म्हणजे रुसलेल्या जावयाला पंगतीत बसवणं. आधी चोक ओढायचा, मग थोडा परत ढकलायचा, पेट्रोलचा वास आला की थांबायचं, डॅशबोर्डवर दोन थापा मारायच्या, आणि ती खोकली की लगेच कौतुक करायचं. डबीचं तसं नाही. एक बटण दाबलं की झालं. झालं हे कळतही नाही. मी दोनदा चालू असलेली गाडी चालू करायला गेलो आणि बंद करून बसलो. लालला आवाज एकच, पण तो मेडिकल चौकात निघाला की बर्डीवरच्या दुकानदारांच्या काउंटरवरची चिल्लर नाचते. डबीला स्वतःचा आवाज नाही, पण बोलण्याची हौस दांडगी. पट्टा लावला नाही, टीं टीं. दार नीट लागलं नाही, टीं टीं. मागे चिमणी बसली, टीं टीं टीं. बायको म्हणते, "ती सुरक्षेसाठी सांगते." मी म्हणतो, "मास्तरीणबाईंची गाडी आहे, वर्गावर लक्ष ठेवून राहिली."

आता एक गोष्ट कबूल करतो. डबीला एसी आहे. उन्हाळ्यात दुपारी जेवण झालं की मी "काच पुसतो तुझ्या गाडीची" म्हणून किल्ली मागून घेतो, आत बसतो, एसी लावतो आणि पेपर वाचत डुलकी काढतो. त्या गाडीइतक्या पुसलेल्या काचा अख्ख्या विदर्भात नसतील.

लालला एसी नाही. टपच नाही तर एसी कुठे लावणार. उलट तिचं स्वतःचंच डोकं तापायचं. एप्रिल लागला की रेडिएटर दोन किलोमीटरवर उकळायचं. आमचा मिस्त्री जरीपटक्याचा, माझ्याच वयाचा. गेली चाळीस वर्षं तो ही गाडी दुरुस्त करतो आहे आणि अजून झालेली नाही, त्यामुळे आमची मैत्री टिकून आहे. होळीनंतरचा दिवस होता. त्या सुमाराला नागपुरात घरोघरी कुलर खाली उतरतो, गंजलेल्या जाळ्या घासल्या जातात, जुनी खस, म्हणजे वाळ्याचं गवत, फेकून नवी भरली जाते. मी अंगणात कुलरच्या जाळीत खस भरत होतो, मिस्त्री शेजारी लालच्या बॉनेटखाली डोकं घालून बसला होता. त्याने डोकं बाहेर काढलं, माझ्या हातातल्या खसकडे पाहिलं, मग रेडिएटरकडे.

"भाऊ," तो म्हणाला, "माणसाले कुलर लागते, तर इंजिनाले काहून नाही?"

मी हातातली खस खाली ठेवली. एवढी मोठी गोष्ट ऐकल्यावर माणसाने हातातलं काम खाली ठेवलंच पाहिजे.

बायको खिडकीत गहू निवडत होती. ती म्हणाली, "वारा अडेल."

"वारा आत जाईल तो थंडा होऊन जाईल ना, बाई," मिस्त्री म्हणाला.

"ओल्या खसमधून वारा खेचायला कुलरला मोठा पंखा असतो. तुमच्या गाडीच्या पंख्यात तेवढा दम आहे का?"

विज्ञानाच्या बाईला व्यवहार कळत नाही, असं आम्ही एकमेकांना नजरेने सांगितलं. संध्याकाळपर्यंत रेडिएटरसमोर खसची जाळी बसली. सीटमागे, कुत्र्याच्या खोबणीत, वीस लिटरची पाण्याची कॅन. भंगारातल्या एका बसच्या काचा धुणारा छोटा पंप बॅटरीला जोडला. बटण दाबलं की खसवर पाणी झिरपायचं. मी पहिल्यांदा गाडी चौकात नेली तेव्हा सिग्नलला स्कूटरवाले माझ्याभोवती असे दाटले की हिरवा दिवा लागला तरी कोणी हलेना. एका बाईने डिक्कीतून पापडाचं पीठ काढून तिथेच मळायला घेतलं. खसचा वास सदरपर्यंत गेला. तेव्हापासून 'तुमचा कुलर'.

एवढं झाल्यावर एखाद्याला वाटेल, गाडी सुखात होती. पण पोर्चचा प्रश्न होता. लालला टप नाही, तिला उन्हात ठेवली तर चामड्याच्या सीटा पापडासारख्या वाकतात, म्हणून ती पोर्चमध्ये. पोर्चच्या मागच्या भिंतीला माझे तीन जुने लोखंडी कुलर उभे. त्यांचे पंखे, मोटारी कधीतरी कामात येतील म्हणून ठेवलेले. बायको वर्षानुवर्षं म्हणायची, "हे हलवा." मी म्हणायचो, "हलवतो." त्यामुळे डबी कडुनिंबाखाली. तिचं स्टिअरिंग दुपारी तव्यासारखं तापायचं, आणि बायको पदर हाताला गुंडाळून गाडी चालवायची.

एका दुपारी ती बाजारातून आली आणि सरळ मोरीत जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ उभी होती. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. त्या दिवशी मी काही वाढवून सांगितलं नाही. 

दुसऱ्या दिवशी लालची कीर्ती ऐकून एक लॉनवाला आला. नागपुरात लग्नं लॉनवर होतात, आणि या माणसाची लकडगंजात लाकडाची वखार, वर्धा रोडला लग्नाचं लॉन. त्याने लालला पोर्चमध्ये पाहिलं आणि त्याचे डोळे पाणावले. मला वाटलं, जाणकार आहे.

"काकाजी, देऊन टाका," तो म्हणाला. "लॉनच्या मधात ठेवू. इंजिन काढून टाकू, तिथं गुलाब लावू. नवरा-नवरी आत बसतीन, फोटो काढतीन. चारही बाजूनं लाईट. एकदम राणीसारखी ठेवू तिले."

"इंजिन काढून?" मी विचारलं.

"गुलाबाले जागा लागते ना."

मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "सावली असते का तिथे?"

लॉनवाला येत्या रविवारी संध्याकाळी पाचला टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि गेला. माझी बायको एरवी शाळेतली शुद्ध मराठी बोलते. रागात किंवा लाडात आली तरच नागपुरी. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "मले काही लॉनची हौस नाही. पण माझे हात जळून राहिले." हा राग का लाड, ते मला ठरवता आलं नाही, आणि म्हणून मी नको ते बोललो.

"शर्त लाव," मी म्हणालो. "रविवारी दोघंही आपापल्या गाडीने कोराडीला जाऊ. देवीचं दर्शन घ्यायचं आणि परत यायचं. ज्याची गाडी आधी फाटकात शिरेल त्याचं पोर्च. तुझी शिरली तर लाल टेम्पोत."

"सकाळी की दुपारी?"

"तू म्हणशील तेव्हा."

"दुपारी," ती म्हणाली. "नवतपा लागला आहे."

नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात भाजणारे नऊ दिवस. त्या दिवसांत नागपूरकर दुपारी फक्त कोणी मेलं तर बाहेर पडतो, आणि तेही जवळचं असेल तर. तिला एसी होता. मला खस होती. मी मान्य केलं.

रविवारी दोन वाजता आम्ही निघालो. बायकोने ओढणी डोक्यावरून घेऊन नाकातोंडाला गुंडाळली, फक्त चष्मा बाहेर. हात मोकळे हवेत म्हणून गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. "धरा जरा." मी किल्ली खिशात टाकली. ती आत बसली. मी खिडकीतून अर्धा आत वाकून तिला सांगत होतो की मानकापूरनंतर ट्रक असतात, जपून जा, माझ्या मागे मागे ये. तिने बटण दाबलं. गाडी चालू झाली. या नव्या गाड्यांना किल्ली फिरवावी लागत नाही, ती जवळपास असली की पुरते. मी बाहेर झालो, तिने काच वर केली, डबी टीं टीं करत निघाली. ती गाडी नेहमीच काहीतरी सांगत असते. तिने लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही.

लाल पाचव्या थापेला चालू झाली. मी पंपाचं बटण दाबलं, खस ओली झाली, आणि आम्ही सुटलो. सदरपर्यंत माझ्या भुवया जळाल्या होत्या. पण मानकापूरच्या पुढे मी डबीला गाठलं. बायको चाळीसच्या वेगाने, पाठ सरळ ठेवून, परीक्षेच्या हॉलमध्ये फिरावं तशी चालली होती. मी हात हलवला आणि पुढे गेलो. एका कोळशाच्या ट्रकच्या ड्रायव्हरने लाल पाहून टोपी काढली. त्याने टोपी घातली नव्हती, ती त्याने त्यासाठी क्लीनरकडून मागून घेतली.

कोराडी जवळ आलं तसे ट्रक वाढले. कोणी तिथल्या औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा घेऊन, कोणी त्याची राख घेऊन. रस्त्याच्या कडेला पिठासारखी करडी राख साचलेली, प्रत्येक चाकाबरोबर उडणारी. मी मोठ्या ऐटीत त्यांच्या मागून चाललो होतो, पंप चालू, खस ओलीचिंब. ओल्या खसवर उडती राख बसली की काय होतं, हा विचार जरीपटक्याचा मिस्त्री आणि मी, दोघांनी मिळून केला नव्हता. गिलावा होतो. पाच मिनिटांत माझ्या रेडिएटरसमोर पक्की भिंत उभी राहिली. रंग दिला असता तर वर गणपतीचं चित्र काढता आलं असतं. इंजिनाने एक हुंदका दिला, बॉनेटमधून वाफेचा खांब उठला, तो औष्णिक केंद्राच्या धुराड्यांइतका नसेल, पण त्यांनी आपल्यातला मानावा एवढा होता. गाडी एका चहाच्या टपरीसमोर थांबली. पुन्हा चालू करायला गेलो तर खट्ट. निघाल्यापासून खसला पाणी पाजून बॅटरी झोपली होती.

तेवढ्यात डबी बाजूने गेली. काच वर, ओढणी तोंडावर. तिने वळून पाहिलं, एकदा हॉर्न दिला आणि गेली.

टपरीवाला बाहेर आला. त्याने समोरून गाडी पाहिली.

"काकाजी, हे का सारवून राहिले समोर?"

"खस आहे."

"खस घरी लावते बाप्पा," तो म्हणाला, आणि पाण्याची बादली आणायला गेला.

बाकावर बसलेले चार ट्रकवाले उठून आले. कोणी खुरपं दिलं, कोणी बॉनेट उघडलं. मी गिलावा खरवडत होतो तेव्हा फोन वाजला. बायको.

"अहो, दर्शन झालं. गाडी म्हणते किल्ली नाही."

"म्हणजे बोलते?"

"लिहून दाखवते. तुमच्या खिशात पाहा."

मी खिशाला हात लावला. चष्म्याच्या घराशेजारी किल्ली होती.

आता तुम्ही माझ्या जागी उभे राहा. घामाने ओले, राखेने करडे, भुवया गेलेल्या. आणि अख्खी शर्त तुमच्या खिशात. ट्रकवाले धक्का मारायला तयार आहेत. नंतर निवांत जाऊन देवळाच्या मागच्या दाराने दर्शन घ्यायचं, आणि घरी. डबी तिथून तसूभर हलणार नाही. गिअरच्या गाडीसारखा तिला धक्का मारूनही उपयोग नाही. पाच वाजता लॉनवाला रिकामा टेम्पो घेऊन परत जाईल.

"नाही वं," मी म्हणालो. "माझ्याजवळ नाही."

पलीकडून देवळाची घंटा ऐकू आली. मग ती म्हणाली, "बरं. मी बसून राहिली इथं पायरीवर. गाडीचं दार तापून राहिलं, त्याले हात लावत नाही."

फोन बंद झाला. टपरीवाला रेडिएटरवर पाणी ओतत होता, ते चर्र करत होतं.

"काढून फेका हे," मी जाळीकडे बोट दाखवलं.

"सारीच?"

"सारी."

खस निघाली, तिची गुंडाळी करून मी मागे खोबणीत टाकली. पंपाची वायर तोडली. चार ट्रकवाले आणि टपरीवाला मागे लागले, मी दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि लाल अशी काही उसळली की ते पाचही जण धक्का द्यायच्या वेगात तसेच तीस पावलं पुढे निघून गेले. बादलीच्या पाण्याने रेडिएटरची जुनी धूळही धुऊन निघाली होती, त्याला मोकळा वारा लागला आणि काटा खाली आला. खाली म्हणजे खालीच. चाळीस वर्षांत तो काटा तिथे असतो हे मला माहीत नव्हतं. 'वारा अडेल' हे दोन शब्द देवळापर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून आले.

बायको पायरीवर, खांबाच्या बोटभर सावलीत बसली होती. मी किल्ली पुढे केली.

"सीटखाली सापडली," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली. "तुमच्या गाडीच्या सीटखाली, माझी किल्ली."

मी देवीच्या दर्शनाला आत गेलो. तिथे जरा जास्त वेळ हात जोडले.

बाहेर आलो तर डबी चालू होती, आणि बायकोने तीन पोरांना लालला धक्का द्यायला गोळा करून ठेवलं होतं. आम्ही निघालो. मी पुढे. माझा आरसा एवढा थरथरतो की त्यात एका गाडीच्या सहा दिसतात, पण सहाही पांढऱ्या होत्या आणि मागे होत्या. मानकापूरला रस्ता मोकळा मिळाला. मी मुद्दाम डावीकडे झालो, ती आली नाही. सदरला सिग्नलला ती शेजारी लागू शकली असती, लागली नाही. तिच्या मागचे लोक हॉर्न देऊन थकले. मी पन्नास केले, ती पन्नास. मी तीस, ती तीस.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाल फाटकात शिरली. लॉनवाला टेम्पोच्या सावलीत उभा होता. डबी फाटकाबाहेर थांबली.

"जिंकलो," मी म्हणालो. आवाज पाहिजे तेवढा निघाला नाही.

बायको उतरली, ओढणी सोडली, चष्मा पुसला. "पुढे का नाही गेली ते विचारू नका. तुमचं मागचं चाक डगमगत होतं. गळून पडलं असतं तर उचलायला कोणी पाहिजे होतं." मग तिने पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि पोर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली. "लाल तुमची राहिली. आता हे तीन कुलर हलवा."

"कुलर शर्तीत नव्हते."

"माझी किल्ली तुमच्या खिशात होती. ती शर्तीत होती का?"

लॉनवाल्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, मग कुलरांकडे. "काकाजी, मंडपात असेच मोठे लोखंडी लागते. चालू आहेत का?"

"नाही," बायको म्हणाली.

"होतील," मी म्हणालो.

टेम्पो रिकामा गेला नाही. तिघांना चढवताना मी प्रत्येकाच्या पाठीवर एक थाप मारली. बायकोने टेप लावली. कुलर गेल्यावर मागे जी जागा निघाली तिच्यात लाल आडवी-तिरपी सरकली, आणि डबी तिच्या पुढ्यात, दोघींत चार बोटं ठेवून, मावली. इतकी वर्षं त्या पोर्चमध्ये दोन गाड्या मावत होत्या. तीन कुलरांनी आणि मी त्या मावू दिल्या नव्हत्या.

आता लाल आत, डबी बाहेरच्या बाजूला. म्हणजे मला फिरायला जायचं तर आधी तिची गाडी काढावी लागते, आणि त्यासाठी किल्ली मागावी लागते. मागितली की ती विचारते, "सीटखाली पाहिली का?" मग देते. डबी मागे घेताना फार जवळ आली की टीं टीं ओरडते. तरी एकदा टेकलीच, लालच्या बंपरला ओरखडा आला. म्हणून कोराडीहून आणलेली खसची गुंडाळी मी धुऊन दोघींच्या मध्ये दोरीने टांगून ठेवली आहे. मिस्त्री परवा आला होता. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हिच्यावर थोडं पाणी सोडलं तर दोन्ही गाड्या थंड्या राहतीन."

खिडकीतून गहू निवडण्याचा आवाज थांबला. मी त्याला हळूच म्हणालो, "बाहेर जाऊन बोलू."